बेसबॉलच्या पैजेत हेज आणि मिडल: नवख्यांसाठी पायरीपायरीने

एकाच सामन्यावर दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खुळेपणा वाटतो. त्यामागे दोन वेगळे हेतू असतात आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात. हेज म्हणजे विमा. आधी लावलेली पैज फायद्यात दिसू लागली की विरुद्ध बाजूला थोडे पैसे लावून नफ्याचा काही भाग पक्का करायचा. मिडल म्हणजे सापळा लावून बसणं. दोन पैजा अशा लावायच्या की निकाल मधल्या अरुंद पट्टीत पडला तर दोन्ही जिंकाव्यात आणि बाहेर पडला तर नुकसान किरकोळ राहावं. विम्याला हप्ता लागतो, सापळ्याला आमिष लागतं. तो हप्ता किंवा ते आमिष किती महाग आहे हे पैज लावण्याआधी मोजता येतं, आणि या लेखाचा बहुतेक भाग त्याच मोजणीवर आहे.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात बसून हे करायला जाऊ नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच, शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. गोव्याचे परवानाधारक कसिनो हा निराळा विषय, त्याचा या ऑनलाइन पैजांशी संबंध नाही.

## १. आधी लागणाऱ्या गोष्टी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि क्रीडापैजांचा निर्णय राज्यांकडे गेला. न्यू जर्सीत त्याच वर्षी जूनमध्ये पैजा सुरू झाल्या, न्यूयॉर्कमध्ये मोबाइलवरून जानेवारी २०२२ पासून. बहुतेक राज्यांत वयाची अट २१ पूर्ण ही आहे. तुमच्या राज्यात परवानगी आहे का, ते राज्याच्या गेमिंग नियामकाच्या संकेतस्थळावर पाहा. परदेशी बेटावरच्या बिनपरवाना साइटवर पैसे अडकले तर दाद मागायला कोणीच नसतं.

जवळ हे असू द्या:

- ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट, आणि सोशल सिक्युरिटी नंबर
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- स्वतःच्या नावावरचं बँक खातं
- किमान तीन, शक्यतो चार-पाच परवानाधारक स्पोर्ट्सबुकची (पैजा घेणाऱ्या कंपन्यांची, पुढे नुसतं 'बुक') खाती, सगळी तपासणी आधीच पूर्ण झालेली
- एक स्प्रेडशीट

एका खात्यावर हे काम होत नाही. एकाच बुकमध्ये दोन्ही बाजू लावल्या तर त्यांचा कट, म्हणजे भावात लपलेलं कमिशन, दोनदा भरावा लागतो. खरा फायदा दोन बुकांच्या भावांतल्या फरकात असतो. खाती कमी पडतात म्हणून बायकोच्या, भावाच्या किंवा रूममेटच्या नावाने खातं चालवू नका. दुसऱ्याच्या खात्यातून पैज लावणं नियमबाह्य आहे आणि पकडलं गेलं की नेमकी जिंकलेली रक्कम गोठते.

आणखी एक अडचण हडसनच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांना नेहमी येते. पैज लावताना तुम्ही शरीराने ज्या राज्यात असाल त्या राज्याचे नियम लागू होतात आणि ॲप फोनचं ठिकाण तपासतं. जर्सी सिटीत पहिली बाजू लावून पाथ गाडीत बसलात, तर नदीखालच्या बोगद्यात ठिकाण सापडत नाही आणि मॅनहॅटनला उतरल्यावर राज्य बदललेलं असतं. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बसून लावा.

या कामासाठी वेगळे काढलेले पैसे बुडाले तरी घरभाडं, फी, कर्जाचा हप्ता यांना धक्का लागता कामा नये. हात आवरत नाही असं वाटलं तर १-८००-४२६-२५३७ या मदतक्रमांकावर बोला, आणि ॲपमध्ये रकमेची मर्यादा घालायची सोय असते ती वापरा.

## २. भाव वाचायला शिका

अमेरिकेत भाव अधिक-उणे चिन्हाने देतात. −१५० म्हणजे १०० डॉलर जिंकायला १५० लावा. +१३० म्हणजे १०० लावले तर १३० जिंकाल. भावाचे टक्के असे काढा:

- उणे भाव: आकडा भागिले (आकडा + १००). −१५० साठी १५० ÷ २५० = ६० टक्के.
- अधिक भाव: १०० भागिले (आकडा + १००). +१३० साठी १०० ÷ २३० = ४३.४८ टक्के.

दोन्ही मिळून १०३.४८ होतात. वरचे ३.४८ हा बुकचा कट.

बेसबॉलमध्ये तीन मुख्य पैजा असतात. मनीलाइन म्हणजे नुसतं कोण जिंकणार. रन लाइन म्हणजे दीड धावेचं अंतर: फेव्हरिट (जिंकण्याची शक्यता जास्त मानलेला संघ) −१.५ घेतलात तर त्याने किमान दोन धावांनी जिंकायला हवं, अंडरडॉग (कमी शक्यतेचा संघ) +१.५ घेतलात तर तो एका धावेने हरला तरी तुम्ही जिंकता. टोटल म्हणजे दोन्ही संघांच्या धावांची बेरीज ठरावीक आकड्याच्या वर की खाली, म्हणजे ओव्हर की अंडर.

क्रिकेटच्या सवयीने इथे फसायला होतं. टी-ट्वेंटीत एका डावात दीडशे-पावणेदोनशे धावा होतात, तिथे अर्धी धाव म्हणजे काहीच नाही. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांच्या मिळून साधारण आठ-नऊ धावा होतात. म्हणून ८ आणि ८.५ यांत फरक मोठा असतो. बुकवाले हे जाणतात. ते सहसा आकडा हलवत नाहीत, आकडा ८.५ च ठेवून भाव −११० वरून −१२० करतात. त्यामुळे आकड्यांमधलं अंतर, म्हणजेच मिडलची जागा, अमेरिकन फुटबॉलच्या मानाने बेसबॉलमध्ये कमी वेळा मिळते. रोज मिडल शोधायला बसाल तर वाईट मिडल घ्याल.

## ३. सगळ्याचा पाया: एक बेरीज

दोन बाजू घेताना दोन्ही भावांचे टक्के काढा, बेरीज करा, त्यातून १०० वजा करा. उरलेला आकडा तीन गोष्टी सांगतो.

बेरीज १०० पेक्षा कमी आली तर मिडलचीही गरज नाही, नफा ठरलेला आहे. एका बुकमध्ये अंडरडॉग +१२५ (४४.४४) आणि दुसऱ्यात फेव्हरिट −१२० (५४.५५) मिळाला, बेरीज ९८.९९. कोणीही जिंकलं तरी १००० डॉलर हाती यावेत असं धरलं तर अंडरडॉगवर ४४४.४४ आणि फेव्हरिटवर ५४५.४५ लावा. एकूण ९८९.८९ गेले, १००० आले, साधारण १० डॉलर सुटले. असे भाव काही मिनिटंच टिकतात.

बेरीज १०० पेक्षा जास्त असून मध्ये पट्टी नसेल, तर वरचा आकडा म्हणजे हेजचा हप्ता.

बेरीज १०० पेक्षा जास्त असून मध्ये पट्टी असेल, तर वरचा आकडा म्हणजे त्या पट्टीत निकाल किती टक्के वेळा पडायला हवा ती किमान मर्यादा. त्याहून कमी वेळा पडणार असेल तर मिडल घेऊ नका. दोन्ही बाजू −११० ला घेतल्या तर ५२.३८ + ५२.३८ − १०० = ४.७६ टक्के, म्हणजे एकवीसपैकी एकदा.

ही मर्यादा लागू होण्यासाठी रकमा अशा लावाव्या लागतात की कोणतीही एक बाजू जिंकली तरी हाती येणारी रक्कम सारखीच राहील. लावायची रक्कम = हवी असलेली हाती येणारी रक्कम × त्या भावाचे टक्के.

## ४. हेज: हंगामाआधीची पैज पक्की करणं

हेजचा सगळ्यात स्वच्छ उपयोग लांब पल्ल्याच्या पैजांवर होतो. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकी १६२ सामने, आणि २०२२ पासून १२ संघ बाद फेरीत जातात. समजा मार्चमध्ये एका संघाच्या वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकेच्या, विजयावर +२००० ने ५० डॉलर लावले. जिंकलात तर मुद्दलासह १०५० हाती येतील. ऑक्टोबरअखेर तो संघ अंतिम मालिकेत पोचला, आणि मालिकेचे भाव आहेत: तुमचा संघ +११०, समोरचा −१३०.

पूर्ण हेज: −१३० चे टक्के ५६.५२. १०५० × ०.५६५२ = ५९३.४८ डॉलर समोरच्या संघावर. तुमचा संघ जिंकला तर १०५० − ५० − ५९३.४८ = ४०६.५२. समोरचा जिंकला तर ४५६.५२ − ५० = ४०६.५२. दोन्हीकडे तेच.

आता हप्ता मोजा. ५६.५२ आणि ४७.६२ यांची बेरीज १०४.१४. कट काढून टाकला तर तुमच्या संघाची शक्यता ४७.६२ ÷ १०४.१४, म्हणजे ४५.७३ टक्के. तिकिटाची आजची किंमत १०५० च्या ४५.७३ टक्के, म्हणजे ४८० डॉलर. पूर्ण हेजने तुम्ही ते ४५६.५० ला विकताय. साडेतेवीस डॉलर विम्याचे गेले. चारशे डॉलर तुमच्यासाठी मोठी रक्कम असेल तर हा हप्ता जरूर भरा. नसेल तर अर्धाच हेज करा: समोरच्यावर ३०० लावले तर तो जिंकल्यास सुमारे १८० सुटतात, तुमचा संघ जिंकल्यास ७००. नवख्यांना हा मधला मार्ग जास्त मानवतो. बाद फेरीच्या प्रत्येक टप्प्यावर हेज करत राहणं मात्र टाळा, कारण हप्ता दर वेळी नव्याने भरावा लागतो.

ॲपमधलं 'कॅश आउट' बटण हाही हेजच असतो, फक्त भाव त्यांचा. वरच्या उदाहरणात ते ४३० देऊ करत असतील तर स्वतः हेज करा. ४५६ पेक्षा जास्त देत असतील तर घ्या, कारण दुसऱ्या खात्यात ५९३ डॉलर अडकवावे लागत नाहीत. ते ५९३ डॉलर मालिका सुरू होण्याआधी दुसऱ्या खात्यात असावे लागतात, हेही अनेकांच्या ऐन वेळी लक्षात येतं.

हेजचं सगळ्यात मोठं जाहीर उदाहरण ह्यूस्टनचे फर्निचर व्यापारी जिम मॅकिंगव्हेल यांचं आहे. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली तर गाद्या घेणाऱ्या ग्राहकांना पैसे परत, अशी त्यांची योजना असते. त्या देण्याचा धोका उतरवायला ते ॲस्ट्रोजवरच पैजा लावतात. २०२२ मध्ये त्यांनी सुमारे १ कोटी डॉलर लावले होते; ॲस्ट्रोजनी फिलीजना सहाव्या सामन्यात हरवलं आणि पैजांतून सुमारे साडेसात कोटी डॉलर आले, त्यातले बरेच ग्राहकांकडे गेले. २०१९ मध्ये ॲस्ट्रोज सातवा सामना नॅशनल्सकडून हरले, पैजा बुडाल्या, पण ग्राहकांना द्यायचे पैसेही वाचले. पैज आणि देणं यांच्या दिशा विरुद्ध ठेवायच्या, हेजचं सगळं तंत्र एवढंच.

## ५. बोनस बेटचं रोखीत रूपांतर

नवीन खात्यावर मिळणाऱ्या बोनस बेटमध्ये जिंकलात तर फक्त नफा मिळतो, बोनसची रक्कम परत येत नाही. त्यामुळे ती फेव्हरिटवर वाया घालवू नका. १०० चा बोनस +२०० च्या अंडरडॉगवर लावा, आणि दुसऱ्या बुकमध्ये फेव्हरिट −२३० ला रोखीने घ्या: २०० × ०.६९७ = १३९.४० डॉलर. अंडरडॉग जिंकला तर २०० − १३९.४० = ६०.६०, फेव्हरिट जिंकला तर तेवढेच. तोच बोनस +१०० वर लावून समोरची बाजू −१२० ला घेतली असती तर फक्त ४५.४५ सुटले असते. बोनसच्या अटींत मुदत आणि किमान भाव लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

## ६. टोटलवरचा मिडल

खरी मजा इथे आहे, कारण टोटल हलवणारी कारणं डोळ्यांना दिसतात. शिकागोचं रिग्ली फील्ड मिशिगन सरोवराजवळ आहे. वारा मैदानाबाहेर वाहत असेल तर उंच उडालेले चेंडू कुंपण ओलांडतात, आत वाहत असेल तर तेच चेंडू झेलात जातात. अनेक बुक तिथली टोटल सामन्याच्या दिवशी वाऱ्याचा अंदाज आल्यावरच लावतात, आणि दिवसभरात ती पूर्ण धावेने किंवा अधिक हलू शकते. ऐन वेळी पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) बदलणं हे दुसरं मोठं कारण.

समजा सकाळी ओव्हर ७.५ −११० ला घेतला. दुपारी वारा बाहेर वळला आणि टोटल ९.५ झाली. आता अंडर ९.५ −११० ला घ्या, दोन्हीकडे ११० डॉलर. बेरीज ८ किंवा ९ आली तर दोन्ही जिंकून २०० मिळतात. बाहेर पडली तर एक जिंकून एक हरते, नुकसान १० डॉलर. मर्यादा ४.७६ टक्के होती; ८ आणि ९ मिळून यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. हा उत्तम मिडल.

अर्ध्या धावेचा मिडल मात्र काठावरचा असतो. ओव्हर ८ आणि अंडर ८.५, दोन्ही −११०. बेरीज नेमकी ८ आली तर अंडर जिंकतो आणि ओव्हरचे पैसे परत येतात, म्हणजे पुश. मिळतात १०० डॉलरच. मर्यादा अकरात एक, ९.०९ टक्के. म्हणजे एक बाजू पुश होणार असेल तर पायाचा आकडा जवळपास दुप्पट धरा. आणि इथे ८ हा आकडा पुरत नाही.

का पुरत नाही? बेसबॉलमध्ये बरोबरी नसते, सामना कोणीतरी जिंकेपर्यंत चालतो. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं अंतर एका धावेचं. अंतर विषम असलं की बेरीजही विषम येते, ४–३ ची सात, ५–४ ची नऊ. त्यामुळे शेजारच्या सम आकड्यांपेक्षा ७ आणि ९ जास्त वेळा येतात. पट्टीत ७ किंवा ९ असेल तर तिची किंमत जास्त, नुसता ८ असेल तर कमी.

आणखी एक बारकावा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि टोटल ११ च्या आसपासही लागते. तिथे निकाल विखुरलेले असतात, त्यामुळे एकेक आकडा कमी वेळा लागतो. एक धाव रुंदीची पट्टी ७ वर मिळाली तर ती ११ वर मिळालेल्या तेवढ्याच पट्टीपेक्षा चांगली.

पिचरच्या स्ट्राइकआउटवरही (तीन स्ट्राइकवर त्याने बाद केलेल्या फलंदाजांच्या संख्येवर) अशी पट्टी सापडते: एका बुकमध्ये ५.५, दुसऱ्यात ६.५, मध्ये नेमके ६. पण भाव पाहा. ओव्हर ५.५ −१४० आणि अंडर ६.५ −१४५ असेल तर बेरीज ११७.५, म्हणजे सहा स्ट्राइकआउट साडेसतरा टक्के वेळा यायला हवेत. तेवढा भरवसा नाही. शिवाय या पैजांवर रकमेची मर्यादा लहान असते.

## ७. मनीलाइन आणि रन लाइन: नवख्यांचा आवडता खड्डा

फेव्हरिट मनीलाइनवर घ्यायचा आणि अंडरडॉग +१.५ वर. फेव्हरिट नेमका एका धावेने जिंकला की दोन्ही पैजा जिंकतात. दहापैकी जवळपास तीन सामने एका धावेने सुटतात, हे ऐकून लोक यावर उड्या मारतात.

बेरीज करून पाहा. फेव्हरिट −१४० म्हणजे ५८.३३, अंडरडॉग +१.५ ला −१७० म्हणजे ६२.९६. एकूण १२१.२९. पट्टी २१.३ टक्के वेळा लागायला हवी. एका धावेचे सामने दोन संघांत वाटले जातात. ठरावीक एका संघाने एका धावेने जिंकायची शक्यता पंधरा टक्क्यांच्या आसपास राहते. सामन्याआधी एकाच वेळी घेतलेला हा मिडल जवळजवळ नेहमीच तोट्याचा असतो.

यजमान संघाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नवव्या डावाच्या दुसऱ्या अर्ध्यात यजमान पुढे असेल तर तो फलंदाजीला येतच नाही, आणि बरोबरीत असेल तर विजयी धाव होताच सामना संपतो. फक्त होम रन मारला तरच सगळ्या धावा मोजतात. म्हणून यजमानाला अंतर वाढवायची संधी कमी, आणि एका धावेचे विजय त्याच्या वाट्याला जास्त. यजमान फेव्हरिट −१.५ वर घेण्याआधी याचा विचार करा.

## ८. सामना चालू असताना

रन लाइनचा मिडल चालू सामन्यातच शोभतो. सामन्याआधी अंडरडॉगवर +१५० ने १०० लावले. सहा डावांनंतर तो ३–२ ने पुढे आहे, आणि समोरचा संघ +१.५ ला −११५ मिळतोय. ११५ लावा. निकालाप्रमाणे:

- तुमचा संघ दोन किंवा जास्त धावांनी जिंकला: +१५० − ११५ = +३५
- समोरचा जिंकला: −१०० + १०० = ०
- तुमचा संघ नेमका एका धावेने जिंकला: +१५० + १०० = +२५०

नुकसान कुठेच नाही. अर्थात हे शक्य झालं ते पहिली पैज आधीच फायद्यात गेली म्हणून.

चालू सामन्यात बुकचा कट मोठा असतो. टीव्हीवरचं किंवा ॲपवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं आणि बुकला निकाल तुमच्या आधी कळतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा पैज थांबवलेली असते किंवा भाव बदललेला असतो. म्हणून डाव बदलतानाच्या विरामात लावा. नियमित हंगामात दहाव्या डावापासून प्रत्येक संघ दुसऱ्या बेसवर आयता धावपटू घेऊन सुरुवात करतो. २०२० मध्ये आलेला हा नियम २०२३ पासून कायम झाला, मात्र बाद फेरीत तो लागू नाही. बरोबरीत चाललेल्या सामन्यावर अंडर धरून बसला असाल तर जादा डाव तुमचे शत्रू आहेत.

## ९. दोन बुकांचे नियम जुळतात का?

गणित बरोबर असूनही पैसे जातात ते इथे. एक बाजू रद्द झाली आणि दुसरी राहिली, तर तुमच्याकडे हेज नाही, उघडी पैज आहे.

पिचर. काही पैजा 'लिस्टेड पिचर' अटीवर असतात: ठरलेला पिचर उतरला नाही तर पैज रद्द. 'ॲक्शन' पैजा पिचर कोणीही असो, राहतात. दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या हव्यात.

पाऊस. मनीलाइनला बहुतेक ठिकाणी पाच डाव पुरतात, यजमान पुढे असेल तर साडेचार. रन लाइन आणि टोटलला सहसा पूर्ण नऊ डाव लागतात, यजमान पुढे असेल तर साडेआठ. सातव्या डावात पावसाने सामना संपवला तर मनीलाइन चालते आणि रन लाइन रद्द होते. मनीलाइन–रन लाइन जोडी ढगाळ दिवशी लावू नका.

पुढे ढकललेला सामना. एक बुक पैज लगेच रद्द करतं, दुसरं ठरावीक तासांत सामना झाला तर कायम ठेवतं.

पहिल्या पाच डावांपुरती पैज. काही ठिकाणी बरोबरी झाल्यास पैसे परत, काही ठिकाणी बरोबरी हा तिसरा पर्याय, म्हणजे तुम्ही हरलात. नावं सारखीच दिसतात.

उघड चूक. अविश्वसनीय चांगला भाव दिसला तर तो बहुधा टंकनदोष असतो. अशी पैज मागाहून रद्द करायचा हक्क बुकने नियमांत राखलेला असतो, आणि तोवर तुम्ही दुसरी बाजू लावून बसलेले असता.

## १०. बटण दाबायचा क्रम

१. दोन्ही ॲप उघडा, दोन्ही स्लिपांवर रक्कम टाका. एखादं बुक तुम्हाला ४० डॉलरच घेऊ देणार असेल तर ते आत्ताच कळेल.

२. 'भाव बदलला तरी स्वीकारा' हा पर्याय दोन्हीकडे बंद करा.

३. संघ, तारीख, डबलहेडर (त्याच दोन संघांचे एका दिवशी दोन सामने) असेल तर पहिला की दुसरा सामना, ओव्हर की अंडर, हे मोठ्याने वाचा. दोन्हीकडे ओव्हरच लावून बसणं ही फार सामान्य चूक आहे.

४. जो भाव बाजारापेक्षा वेगळा आहे तो आधी घ्या, कारण तोच पळणार. दुसरा बहुतेक बुकांत सापडतो.

५. दुसरी बाजू हुकली तर घाईने कोणत्याही भावाला घेऊ नका. नवी बेरीज करा. हप्ता फार महाग झाला असेल तर पहिली पैज तशीच सोडा.

सतत फक्त चुकलेले भाव उचलणाऱ्या खात्यांवर बुक मर्यादा घालतं. तसं झालं तर वाद घालून उपयोग होत नाही. रकमा पूर्णांकात ठेवा, ५९३.४८ ऐवजी ५९० किंवा ६००. काही आठवड्यांनी पैसे एका खात्यात साचतात आणि दुसरं रिकामं होतं. काढायला लागणारे दिवस धरून चला.

## ११. कर: दोन्ही बाजू लावणाऱ्यांना सर्वांत जड जाणारा भाग

हा भाग वाचल्याशिवाय पहिला मिडल लावू नका. समजा वर्षभरात १०० मिडल घेतले, प्रत्येक बाजूला ११० डॉलर, भाव −११०. पाच लागले, पंच्याण्णव हुकले. जिंकलेली रक्कम: ९५ × १०० + ५ × २०० = १०,५०० डॉलर. हरलेली: ९५ × ११० = १०,४५०. खिशात आले ५० डॉलर.

१ जानेवारी २०२६ पासूनच्या केंद्रीय करनियमानुसार हरलेल्या रकमेच्या फक्त ९० टक्के वजावट मिळते. म्हणजे ९,४०५. करपात्र उत्पन्न १,०९५ डॉलर, प्रत्यक्ष नफा ५०. हीसुद्धा वजावट तुम्ही तपशीलवार वजावटी दाखवत असाल तरच मिळते. प्रमाणित वजावट घेतलीत तर हरलेलं काहीच वजा होत नाही आणि पूर्ण १०,५०० उत्पन्नात जातात. ही तरतूद बदलायचे प्रयत्न झाले आहेत, म्हणून विवरणपत्र भरताना त्या वर्षीचा नियम पाहा. राज्यांचे नियम निराळे असतात.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसाठी तर हे गणित मोडूनच पडतं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते करासाठी सहसा अनिवासी असतात आणि १०४०-एनआर हे विवरणपत्र भरतात. अनिवासी व्यक्तीच्या जुगाराच्या कमाईवर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि भारतीयांना हरलेली रक्कम वजा करता येत नाही. वरच्या उदाहरणात ५० डॉलर नफ्यावर ३,१५० डॉलर कर. जोवर तुम्ही अनिवासी आहात, तोवर मिडल आणि हेज दोन्ही सोडून द्या.

## १२. नोंदवही

स्प्रेडशीटमध्ये हे रकाने ठेवा: तारीख, सामना, बुक, पैजेचा प्रकार, आकडा, भाव, रक्कम, पिचरची अट, जोडीचा क्रमांक, पायाची बेरीज, निकाल, मिळालेली रक्कम. जोडीचा क्रमांक दोन्ही बाजूंना सारखा द्या, म्हणजे कोणती पैज कशाचा हेज होती ते सहा महिन्यांनीही कळेल. पायाच्या बेरजेचा रकाना पैज लावण्याआधी भरायचा. प्रत्येक पैजेच्या पावतीचं छायाचित्र त्याच दिवशी जपून ठेवा, आणि डिसेंबरअखेर सर्व बुकांमधून वर्षाचं खातेविवरण उतरवून घ्या, बंद केलेल्या खात्यांचंही.